कुठे उतरणार?

बुधवार, २८ मे २०२५. रात्रीचे पावणेबारा.

आधी अभिनंदन म्हणायचं होतं. पाच अक्षरं. तेवढी तोंडातून आधी निघाली असती तर आज हे लिहीत बसले नसते.

टीटा माझा क्लासमधला मित्र. एमबीएच्या एका कॉलेजात त्याने सीट धरून ठेवलेली, आणि मी त्याच कॉलेजच्या वेटलिस्टवर. काल आईची पाठ धरली होती म्हणून पोळ्या माझ्याकडे होत्या. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, एक पोळी तव्यावर. टीटा म्हणाला, "अगं, आयआयएम इंदूरची वेटलिस्ट हलली. झालं माझं." आणि मी म्हणाले, "मग इकडची सीट सोडणार ना?"

पलीकडे शांतता. दोन सेकंद असतील फार तर. मग तो म्हणाला, "सोडणारच की." त्यानंतर मी घाईघाईने अभिनंदन, पार्टी, काकूंना सांगितलंस का, सगळं एका दमात म्हणून टाकलं. पोळी करपली ती करपलीच. बाबांनी ती मुकाट्याने खाल्ली.

गंमतीत म्हटलं असं म्हणता येईल. टीटाही तसंच समजला असेल. पण मी माझा आवाज ओळखते. गंमत करताना माझा आवाज वर जातो. काल तो खाली होता, बँकेत खिडकीपाशी "केवायसी झालं का" विचारतात तसा.

दिवसभर हेच डोक्यात. दुपारी मॅनेजरने पुन्हा विचारलं, "जूनचं काय ते नक्की सांग." त्याचंही काही वाटलं नाही. मावशीने त्या नाशिकच्या मुलाचा फोटो पाठवलाय, तो उघडलासुद्धा नाही. डोक्यात एकच, क्रम चुकला. आधी सीट, मग अभिनंदन.

गेले पंधरा दिवस मी दुसऱ्यांच्या जाण्यावर जगतेय, हे लिहून पाहिलं की कसं दिसतं. यादी तेव्हाच हलते, जेव्हा वरचं कोणीतरी दुसरीकडे जातं. लखनौच्या आयआयएमला कोणाचं झालं की त्याने पैसे भरून धरून ठेवलेली इकडची जागा सुटते. कोझिकोडचा आकडा सरकला की त्याचा धक्का घरंगळत खाली माझ्यापर्यंत येतो, निदान यावा. कोणी अनोळखी मुलगा कलकत्त्याला लागला की मला त्याच्या आईपेक्षा जास्त आनंद होतो. पेढे त्यांच्या घरी, देवापुढे साखर मी ठेवायची. अनोळखी लोकांच्या बाबतीत याचं काही वाटत नव्हतं. ते आकडेच होते. टीटाला चेहरा आहे.

कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, बसले होते २.९३ लाख. माझे ९७.६ पर्सेंटाइल, म्हणजे साधारण सात हजार जण माझ्या पुढे. त्या सात हजारांतला एकच मला ओळखीचा, आणि नेमकं त्यालाच मी ऊठ म्हटलं.

टीटा हे नाव मीच ठेवलेलं. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं, ते टीटा. त्यांना उणे गुण नाहीत. म्हणून शेवटच्या मिनिटाला हा राहिलेल्या सगळ्या टीटा प्रश्नांत ७ टाकायचा. का ७, तर म्हणे ठाकुर्लीत त्यांच्या बिल्डिंगचा नंबर ७. एका मॉकमध्ये खरंच एकाचं उत्तर ७ निघालं आणि हा आठवडाभर क्लासमध्ये मान ताठ करून फिरला. त्याचे ९८च्या वर आणि माझे ९७.६ यातला फरक त्या सातांचा आहे असं मी त्याला म्हणते. खरं तर फरक डीआयएलआरचा, म्हणजे डेटा आणि तर्काच्या भागाचा आहे. चाळीस मिनिटांतली बावीस मी एका सेटवर घालवली. पण तो विषय आता नको.

लिहायचं होतं ते २४ नोव्हेंबरचं, कॅटच्या दिवसाचं. आदल्या दिवशी विधानसभेचा निकाल लागलेला. आमच्या नाक्यावर रात्री दीडपर्यंत डीजे, आणि मी कानात कापसाचे बोळे घालून पडलेली. सकाळी निघाले तर रस्ताभर गुलाल. सेंटरवर झडती घेणाऱ्या बाईंनी माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या, तळवे गुलाबी. त्या म्हणाल्या, "निवडून आलात वाटतं." त्या दिवशीचं ते एकच वाक्य मला शब्दशः आठवतंय.

माझा दुसरा स्लॉट, साडेबाराचा. त्याचा पहिला, साडेआठचा. सेंटर एकच. साडेदहानंतर तो बाहेर आला तेव्हा गेटवर आम्हा पुढच्यांचा घोळका उभा. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, कसा होता? सगळे भरभरून सांगत होते आणि आमच्यातल्या निम्म्यांचे चेहरे तिथेच उतरत होते. मी तोंड उघडायच्या आत टीटा म्हणाला, "विचारू नकोस. तुझा पेपर वेगळा आहे. पाणी प्यायलीस का?" आणि खिशातून केळं काढलं. दबून काळं पडलेलं. मी ते खाल्लं. अडीच वाजता पेपर संपवून बाहेर आले तर हा रिक्षा स्टँडच्या सावलीत बसलेला. तब्बल चार तास. घरी का गेला नाहीस विचारलं तर म्हणाला, "एकटीने जाशील तर ट्रेनमध्ये रडशील." मी रडले नाही. डोंबिवली येईपर्यंत तो मुद्दाम क्रिकेटवर बोलत राहिला, आणि मला क्रिकेट कळत नाही.

अशा माणसाला मी काल जे विचारलं ते विचारलं.

आणि कहर म्हणजे मुलाखतीत अगदी हेच विचारलं होतं. तुम्ही आणि तुमचा सहकारी एकाच बढतीसाठी रांगेत आहात, त्याला मिळाली, तुम्ही काय कराल? क्लासच्या प्रश्नांच्या यादीतला चौदावा प्रश्न. मी खुर्चीत सरळ बसून, चेहऱ्यावर ते शिकवलेलं अर्धं हसू आणून सांगितलं की आधी मी त्याचं मनापासून अभिनंदन करेन, मग त्याच्याकडून काय शिकता येईल ते पाहीन वगैरे. डावीकडच्या सरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. तेव्हा वाटलं, वा. आता वाटतं, २१२ तिथेच लिहिलं असणार.

२१२ हा वेटलिस्टवरचा माझा पहिला आकडा. १४ तारखेचा. तो मी पोर्टलवर पाहिला आणि बाबांनी कालनिर्णयावर लिहिला. हे त्यांनी कधी सुरू केलं ते मला ठाऊकच नव्हतं. दुधाचा हिशोब आणि "गॅस लावला" यांच्यामध्ये बारीक पेन्सिलीने १४च्या चौकोनात २१२. १९ला १८८. २३ला अपरा एकादशीच्या खाली १७१. मग सगळं थांबलं. काल पुन्हा १७१, आज पुन्हा १७१. काल सकाळी मी पोर्टल उघडत होते तर आई म्हणाली, "अमावास्या उतरू दे, मग बघ." साडेआठला उतरली. १७१.

मी बाबांना विचारलं होतं, पेन्सिलीने का? तर म्हणाले, "पेनाने लिहिलं की पक्कं होतं." बाबांना या सगळ्यातलं रेल्वेचं वेटिंग तेवढं समजतं. "चार्ट लागेपर्यंत काही सांगता येत नाही," हे ते रोज संध्याकाळी म्हणतात. मला हेही आठवतं की गणपतीच्या गाडीला वेटिंग शंभरच्या वर दिसलं की तेच आधी एसटीचं बघायला लागतात. पण ते मी त्यांना म्हणत नाही.

आमची एसटी म्हणजे सीईटी, राज्याची एमबीएची प्रवेश परीक्षा. दोनशे प्रश्न, अडीच तास, उणे गुण नाहीत. टीटाचा स्वर्ग. आईला मनातून तेच हवंय. चर्चगेटला जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटमध्ये लागलं तर मी घरूनच जाईन आणि ती डबा देऊ शकेल. इतक्या वर्षांत माझ्या करिअरबद्दल आईने मांडलेला हा सगळ्यात ठोस मुद्दा आहे. बजाजला लागणं म्हणजे काय चेष्टा आहे का, असं मी तिच्यावर ओरडले होते. तिने डब्याची नवी बॅग आणून ठेवलीय.

असो.

सोमवारी मान्सून मुंबईत आला. ११ जूनला येणारा २६ मेला, सोळा दिवस आधी. पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे. पावसाचीही यादी सरकली, माझी नाही, असं तेव्हा डोक्यात आलं आणि स्वतःची फारच कीव आली. खिडकीपाशी उभी राहून मी खरंच डोळे पुसले. मग गच्चीवर वाळत घातलेले कुरडयांचे ताट आठवले आणि धावावं लागलं.

आज सकाळची गोष्ट लिहिते, कारण तिथे काहीतरी सापडल्यासारखं झालं.

८:१२ची लोकल. लेडीज डबा. दोन दिवसांच्या पावसाने सगळ्याच जणी ओल्या, सगळ्यांच्या छत्र्या एकमेकींच्या पायांवर ठिबकतायत. मी आत सरकले आणि सवयीने पहिल्या सीटवरच्या बाईंना विचारलं, "कुठे उतरणार?" त्या म्हणाल्या, "घाटकोपर." मी म्हटलं, "माझी हं." त्यांनी मान हलवली. तेवढ्यात मागून एक मुलगी, "घाटकोपर कोणाला सांगितलं?" मी हात वर केला. झालं, जागा ठरली. घाटकोपरला त्या उठल्या, मी बसले. त्यांनी पर्स सावरली आणि मेट्रोच्या जिन्याकडे गेल्या. कोणी कोणाला नमस्कार नाही, आभार नाहीत.

कुर्ल्यापर्यंत मी विचार करत होते. आठ वर्षं रोज मी हेच करतेय. बसलेल्या माणसाकडे बघताना मला माणूस दिसतच नाही, त्याचं स्टेशन दिसतं. ठाणा, मुलुंड, घाटकोपर. सीएसटी म्हणाली की तोंड फिरवायचं, पुढची. यात कोणाला राग येत नाही, कारण सगळ्यांचा हाच धंदा. उद्या ती उभी असेल आणि मी बसलेली. काल रात्री पोळी लाटता लाटता मी टीटाला तेच विचारलं होतं. नवीन काहीच नव्हतं. सवय होती.

हे सापडल्यावर बरं वाटलं. करी रोडपर्यंत टिकलं. कारण डब्यात मी ज्या बाईंना विचारते त्यांनी मला केळं देऊन माझ्यासाठी चार तास वाट पाहिलेली नसते.

आणि दुसरंही एक आहे. तो इकडचीच सीट धरून बसला असता आणि माझी यादी सरकली असती तर आम्ही दोघं एकाच. म्हणजे काल त्याने फोन केला तेव्हा त्याला बहुतेक. ती दोन सेकंदं कसली होती ते मला.

जाऊ दे.

दुपारी जेवताना त्याला मेसेज लिहायला घेतला. "काल मी जरा विचित्र बोलले." खोडलं. "सॉरी रे." खोडलं, सॉरी कशासाठी ते सांगावं लागलं असतं. "इंदूरचं हॉस्टेल कसं आहे म्हणे?" हे पाठवलं. त्याचं उत्तर, "टेकडीवर आहे. तुला चढायला लागणार नाही, नशीब." यात टोमणा आहे का हे मी चार वेळा वाचून पाहिलं. आहे. नाही. थोडा आहे.

मग रात्री नऊला त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. इकडची सीट सोडत असल्याचा अर्ज, सबमिट झाल्याची हिरवी टिक. खाली लिहिलेलं,

"घाटकोपर आलं. बस."

डब्यातलं मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. ठाकुर्लीच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी इतकी जोरात हसले की बाबा बाहेर आले. आणि हसता हसता जे झालं ते आईने पाहिलं, पण ती काही बोलली नाही. तिने फक्त गॅस बारीक केला.

मी त्याला लिहिलं, "बस कसली! माझ्या पुढे १७० जणी उभ्या आहेत. मला चौथी सीट मिळाली तरी खूप."

तो म्हणाला, "चौथीवर बसता येतं, फक्त एक पाय बाहेर ठेवायचा."

मग मी लिहिलं, अभिनंदन. नुसतं. पुढे-मागे काही नाही. निळ्या टिका आल्या. उत्तर अजून आलेलं नाही, पण त्याला सकाळी लवकर उठायचंय, मेडिकल सर्टिफिकेटसाठी.

बाबा कालनिर्णयापाशी उभे होते, कानावरची पेन्सिल हातात. "१७१च?" मी म्हटलं, "एकाने सोडलंय. पण ते लगेच दिसत नाही, बाबा. ते एकदम सगळ्यांचं मिळून सरकवतात. कधी ते नाही सांगता येत." ते म्हणाले, "पण सोडलंय ना?" म्हटलं, "हो."

त्यांनी जिभेला पेन्सिल लावली आणि आजच्या चौकोनात लिहिलं. आत्ता झोपण्याआधी मी पुन्हा पोर्टल उघडून पाहिलं. तिथे १७१ आहे. स्वयंपाकघरात १७०.