एकच विल्सन, दोन तास

आज एकाच दिवशी अमेरिकेचा एकेकाळचा अध्यक्ष वुड्रो विल्सन दोनदा भेटला. सकाळी अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरात, दुपारी युरोपच्या. दोन्ही तासांना तो एकच माणूस आहे हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

सकाळचा विल्सन म्हणजे १९१३ चा. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, उभी करणारा, आणि त्याच वर्षी आपल्या मंत्र्यांना सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्यांची टेबलं वेगळी करू देणारा. दुपारचा विल्सन पहिल्या महायुद्धानंतर शांततेचे चौदा मुद्दे घेऊन पॅरिसच्या तह परिषदेला उतरलेला, राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाचा देवदूत. (चौदाच्या चौदा पाठ होत नाहीत. नऊ-दहा येतात, मग गाडी पोलंडपाशी अडते.)

मग सरांनी सहज सांगितलं. एप्रिल १९१९, राष्ट्रसंघ या देशादेशांच्या नव्या संघटनेच्या करारात वंशसमानतेचं कलम घाला म्हणून जपान अडून बसला. सतरापैकी अकरा मतं बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन. म्हणाला, एकमत नाही, सबब नामंजूर. मला सकाळची ती वेगळी टेबलं आठवली. एवढी सरळ जोडणी मी वहीत का केली नव्हती?

त्यात आपले टिळक तेव्हा लंडनमध्ये. काँग्रेसने परिषदेसाठी निवडलेले, पण पॅरिसला जायला पासपोर्टच नाही! म्हणून पत्रं धाडत बसले, फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसोला, विल्सनला.

आणि एवढं करून विल्सनच्याच देशाच्या सिनेटने त्या परिषदेतला व्हर्सायचा तह दोनदा फेटाळला. मागच्या बाकावरून आवाज आला, "घरचं झालं थोडं..." सरही हसले.

बसमध्ये दोन्ही वह्या मांडीवर उघड्या ठेवून बसले होते. स्टॉप गेला पुढे.