चर्चची जुनी चित्रं फ्रेम करून घेताना

सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये ख्रिस्तचरित्राची जुनी काळी-पांढरी चित्रं आहेत. फ्रेमांना वाळवी लागली, तेव्हा कमिटीने ते काम माझ्या गळ्यात घातलं.

चित्रं नक्की कसली, यावर मंडळीत एकमत नव्हतं. कुणी म्हणे पेनने काढलेली, कुणी म्हणे कॅलेंडरची. घड्याळवाल्याचं भिंग मागून आणलं. छापील फोटोत असतात तसे ठिपके कुठेच नव्हते, सगळं काम रेघांचं. वधस्तंभामागचा काळोख म्हणजे एकमेकींना खेटलेल्या रेघा, आणि उजेड म्हणजे नुसता कोरा कागद! एका चित्राच्या तळाशी एका बाजूला गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराची सही, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात पिझां. दोरेचं सचित्र बायबल १८६६ साली फ्रान्समध्ये निघालं. तो लाकडी ठोकळ्यावर चित्र काढायचा, कोरायचे दुसरेच कारागीर, पिझां त्यातलाच. म्हणजे आमची चित्रं अशा कोरीव कामावरून छापलेली. पुढे त्या बायबलच्या ढीगभर आवृत्त्या निघाल्या, म्हणून 'लाखात जातील' म्हणणाऱ्यांना मी आधीच गप्प केलं.

खरी कसरत फ्रेमवाल्याकडे. "ताई, लॅमिनेशन मारून टाकू, आयुष्यभर बघायला नको." लॅमिनेशन एकदा चिकटलं की कागद फाडल्याशिवाय निघत नाही, हे सांगून माझा घसा बसला. मग तो फेव्हिकॉलवर आला. तेही नको. मागचं प्लायवूड काढलं, तर त्याच्या शिरांचे तपकिरी पट्टे कागदाच्या पाठीवर जसेच्या तसे उमटलेले. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं ते असं. शेवटी आम्लविरहित बोर्ड पुण्याहून मागवला. चित्र फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगलं. काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट. डाग तसेच ठेवले. धुवायचं धाडस इथे कुणी करू नये.

"एवढ्या खर्चात नवीन रंगीत आली असती," हे ऐकावं लागलंच. पाळकसाहेबांनी मात्र बिल मंजूर केलं.

जागेवरून अजून वाद आहे. कमिटीला पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत हवी. तिथे एप्रिल-मेमध्ये दुपारभर ऊन येतं, कागद पिवळा पडेल. तूर्त चित्रं उत्तरेच्या भिंतीवर आहेत. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर मारायचं नाही, एवढं प्रत्येक फ्रेमच्या मागे लिहून ठेवलंय.