विनंती बदली

३१ जानेवारी २०२४, बुधवार. दुपारी गाडी ताब्यात घेतली, टॅबलेटवर फेऱ्यांची यादी उघडली आणि पाचव्या ओळीत त्यांचं नाव दिसलं तशी छातीत धडधड सुरू झाली. सेंट जॉन्स ते मोडा सेंटर हे बास्केटबॉलचं स्टेडियम, व्हीलचेअर, सोबत कोणी नाही. खाली रात्रीची परतीची फेरी, तीही माझ्याच गाडीला.

मी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये दिव्यांग आणि वृद्ध प्रवाशांची छोटी बस चालवतो. माणसाला घराच्या दारातून घ्यायचं आणि दवाखान्याच्या दारात सोडायचं, असं काम. बायकोची नोकरी हिल्सबोरोच्या चिप कारखान्यात, त्यामुळे आम्ही इकडं आलो. वडील एसटीत चालक होते, म्हणून स्टीअरिंगला बसायला मला कधी परकं वाटलं नाही. यादीतले हे गृहस्थ मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला माझ्याच गाडीनं जायचे, सलग दोन वर्षं. बुधवारी त्यांचं नाव यादीत कधी नसे. त्या बुधवारी होतं, कारण पोर्टलंडच्या बास्केटबॉल टीमचा जुना हिरो डेमियन लिलर्ड त्या रात्री पोर्टलंडला येणार होता. अंगात मिलवॉकीची जर्सी, आणि पोर्टलंडविरुद्ध खेळायला. सोडून गेल्यानंतर इथं पहिल्यांदाच.

मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि तीन आठवडे मी ती टाळत होतो. आमच्याकडं ठरावीक महिन्यांनी सेवाज्येष्ठतेनुसार शिफ्ट निवडायची असते. मुलगी शाळेतून घरी येते तेव्हा घरात कोणी नसतं, म्हणून मी शहराच्या पश्चिमेकडची सकाळची शिफ्ट मागितली होती. ती मिळालीही होती. पुढच्या सोमवारपासून त्यांच्या डायलिसिसच्या फेऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला जाणार होत्या. आणि गेले सात महिने हा माणूस माझ्या गाडीत बसून एकाच विषयावर बोलत होता: डेमनं, म्हणजे लिलर्डनं, ट्रेड का मागितला?

ज्यांना एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिथं खेळाडूचा करार एका टीमशी होतो, पण टीम तो करार, म्हणजे पर्यायानं माणूसच, दुसऱ्या टीमला देऊ शकते. यालाच ट्रेड म्हणतात. खेळाडूला विचारायचंही बंधन नाही. ‘मला माझ्या मर्जीशिवाय हलवायचं नाही’ असं कलम करारात घालून घ्यायला लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या टीमकडं चार वर्षं झालेली लागतात, वर टीम राजी हवी. त्या जानेवारीत सबंध लीगमध्ये ते कलम एकट्या ब्रॅडली बीलकडं होतं. उलट बाजूनं, खेळाडूनं उघडपणे ‘मला इथून हलवा’ म्हटलं तर दीड लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. टीमनं हलवलं तर दंड कोणालाच नाही.

आमच्या घरात या दोन गोष्टींना दोन शब्द होते. प्रशासकीय बदली आणि विनंती बदली. वडील कोकणातल्या एका आगारात होते आणि आमचं घर जत तालुक्यात. कुंभार्ली घाटातून कराडपर्यंतची गाडी त्यांनी कितीतरी वर्षं चालवली. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी विनंती बदलीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. शेवटच्या फेरीला घाटाखालच्या थांब्यावर रोज फणस-काजू घेऊन चढणारी एक मावशी त्यांच्याशी अवाक्षर बोलली नाही. वडील पुढं कितीदा तरी म्हणायचे, “प्रशासकीय असती तर मावशीनं डोळ्याला पदर लावला असता. विनंती होती, म्हणून तोंड फिरवलं.” त्याच वळणांवरनं तीच गाडी तेच वडील तितक्याच जपून चालवत आले होते. अर्जावरचा एक शब्द तेवढा वेगळा होता.

संध्याकाळी सेंट जॉन्सला पोचलो. दोन आठवड्यांपूर्वीच्या बर्फाच्या वादळात मोडलेल्या फांद्या अजून त्यांच्या कुंपणाशी पडून होत्या. ते दारातच होते. करड्या जाकिटाखाली ३२ नंबरची जुनी लाल बनियन, बिल वॉल्टनची. लिलर्डचा शून्य नंबर कुठं दिसेना. लिफ्ट खाली घेतली, खुर्ची चढवली, पट्टे लावायला वाकलो तेव्हा खुर्चीच्या पाठीमागच्या कप्प्यात प्लॅस्टिकची पिशवी दिसली. तिच्यात काळं कापड घडी करून ठेवलं होतं. मी काही विचारलं नाही.

“आज हुर्यो,” ते म्हणाले. “मनापासून. माझी मुलगी मिनेसोटातून फोन करून सांगतेय की बाबा, असं करू नका. पण मी करणार.”

लोंबार्ड स्ट्रीटवरून इंटरस्टेट अ‍ॅव्हेन्यूला लागलो. त्यांचा राग मला पाठ होता, पण तो खोटा नव्हता, म्हणून दरवेळी मी तो नव्यानं ऐकायचो. लिलर्डला पोर्टलंडनं २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सहाव्या क्रमांकावर घेतलं. अकरा सीझन तो इथं राहिला. २०१४ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध ०.९ सेकंद उरले असताना बास्केट टाकून त्यानं मालिका जिंकून दिली. २०१९ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध ३७ फुटांवरून शेवटचा बॉल टाकला, त्या रात्री त्याचे ५० पॉइंट झाले, आणि समोरच्या टीमला हात हलवून निरोप दिला. क्लाइड ड्रेक्सलरचा पॉइंटचा विक्रम मोडून तो पोर्टलंडचा सगळ्यात जास्त पॉइंटवाला खेळाडू झाला. बाकीचे मोठे खेळाडू एकमेकांना फोन करून एका टीममध्ये गोळा होत होते तेव्हा हा म्हणायचा, मला इथंच जिंकायचंय. त्याच्या शून्याचा अर्थही शून्य नाही, ते इंग्रजी ‘ओ’ अक्षर आहे: जन्मगाव ओकलंड, कॉलेजचं गाव ऑग्डेन, आणि ओरेगन.

“बाकीच्यांनी मागितलं असतं तर मी चॅनेल बदललं असतं,” ते म्हणाले. “यानं मागायला नको होतं. यानं शब्द दिला होता.”

हा मुद्दा मी कधी उडवून लावला नाही. जुलै २०२२ मध्ये त्यानं करार वाढवून घेतला, दोन वर्षांचे सुमारे १२.२ कोटी डॉलर. वर्षभरात, १ जुलै २०२३ ला, ट्रेड मागितला आणि फक्त मायामी हवं म्हणाला. एजंटानं इतर टीमना कळवायला सुरुवात केली तेव्हा लीगला पत्रक काढून ताकीद द्यावी लागली. इतकी मोठी रक्कम बांधून घ्यायची आणि वर गावाचं नावही आपणच सांगायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. पण टीमनं काय केलं होतं? २०२२-२३ ला ३३ जिंकले, ४९ हरले. हाती ड्राफ्टचा तिसरा क्रमांक आला. तो देऊन त्याच्या जोडीला तयार खेळाडू आणता आला असता. टीमनं त्याच्याच जागेवर खेळणारा १९ वर्षांचा स्कूट हेंडरसन घेतला. तेहतिशीच्या माणसाला यातून जे समजायचं ते समजतं.

“सर,” मी म्हणालो, “आज तुम्ही वॉल्टनची बनियन घातलीय. १९७८ साली त्यानंही ट्रेड मागितला होता ना?”

मागं शांतता. आरशात बघितलं तर ते खिडकीबाहेर बघत होते. उजव्या हाताला खाली स्वान आयलंडचे दिवे लागले होते. तिथल्या एका यार्डात त्यांनी २२ वर्षं जहाजांना वेल्डिंग केलं होतं.

“त्याचा पाय मोडला होता,” ते सावकाश म्हणाले. “सुई टोचून खेळवला त्याला. मी तेव्हा २५ वर्षांचा. ५ जून १९७७ ला आम्ही चॅम्पियन झालो, १०९-१०७, मी रेडिओला कान लावून बसलो होतो. आणि पुढच्याच वर्षी तो म्हणतो, मला जायचंय. दोन वर्षं मी त्याचं नाव घेतलं नाही.” थोडं थांबून म्हणाले, “पायाचं मला नंतर कळलं.”

ड्रेक्सलरनंही मागितलाच होता. १९९५ च्या फेब्रुवारीत तो ह्यूस्टनला गेला आणि त्याच वर्षी चॅम्पियन झाला. पोर्टलंडच्या इतिहासातली तीन सगळ्यात मोठी नावं घ्या, तिघांनीही जायला मागितलं. आणि वॉल्टनचा ३२, ड्रेक्सलरचा २२ आज मोडा सेंटरच्या छताला मानानं टांगलेले आहेत. मला हे त्यांना सांगायचं होतं. पण सांगणारा मी कोण, माझ्याच खिशात अर्ज मंजूर झाल्याचा कागद होता. मी गप्प गाडी चालवली.

स्टेडियमच्या भागात, रोझ क्वार्टरला, नुसती रांग. शून्य नंबरच्या जर्सी फुटपाथभर: काळ्या, लाल, पांढऱ्या, आणि मिलवॉकीच्या हिरव्याही. मी पट्टे सोडले, खुर्ची खाली उतरवली, दारावरच्या मदतनीस मुलीच्या हाती दिली. “हुर्यो,” ते पुन्हा म्हणाले आणि गेले.

मधे माझ्या तीन फेऱ्या झाल्या. मन फेऱ्यांपाशी नव्हतं, जूरू हॉलिडेपाशी होतं. लिलर्डच्या मोबदल्यात मिलवॉकीनं त्याला दिलं. २०२१ ला त्यांना विजेतेपद मिळवून देणाऱ्यांपैकी तो एक, आणि त्याला तिथंच राहायचं होतं. त्यानं काही मागितलं नव्हतं. २७ सप्टेंबरला त्याला पोर्टलंडला पाठवला, १ ऑक्टोबरला पोर्टलंडनं बॉस्टनला. इथं तो एक मॅचही खेळला नाही. लिलर्डच्या निष्ठेवर सात महिने वाद झाला. हॉलिडेशी कोणाची निष्ठा होती, हे त्या वादात एकदाही कोणी विचारलं नाही. प्रशासकीय बदली होती ना.

रात्री गेटजवळ गाडी लावली तेव्हा लोक ओरडत बाहेर पडत होते. पोर्टलंड जिंकलं होतं, ११९-११६. खुर्ची गर्दीतून येताना दिसली. काळी जर्सी पिशवीतून निघून त्यांच्या मांडीवर आली होती, दोन्ही हातांखाली दाबून धरलेली. अंगात घातली नव्हती.

मी पट्टे लावत होतो. ते वरून बोलत होते, मला नुसता आवाज येत होता.

“त्याचं नाव पुकारलं. आधी पडद्यावर जुने शॉट दाखवले. सगळे उभे राहिले. माझ्यापुढं सगळ्यांच्या पाठी. मला काही दिसेना. बसेचनात लोक.” ते थांबले. “मला काय उभं राहता येतं? मग मी ही काढली आणि वर धरली. हात भरून आले.”

“हुर्यो?”

“राग आहे अजून,” ते म्हणाले. “जायचा नाही.”

इंटरस्टेटवरून परत निघालो. लोंबार्डच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी सांगून टाकलं. सोमवारपासून मी नाही, दुसरा चालक येईल. आरशात बघायचं धैर्य झालं नाही.

सिग्नल हिरवा झाला, मी निघालो. बऱ्याच वेळानं मागून प्रश्न आला.

“त्यांनी तुला हलवलं, की तू मागितलंस?”

पांघरूण घालता आलं असतं. शिफ्ट बदलल्या, ऑफिसनं ठरवलं, असं म्हटलं असतं तर त्यांनी माझी कीव केली असती, ऑफिसला चार शिव्या दिल्या असत्या आणि आमचं गोड राहिलं असतं. मला घाटाखालची मावशी आठवली.

“मी मागितलं, सर. मुलीसाठी. ती दुपारी घरी एकटी असते.”

पुढं सेंट जॉन्सपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मीही समजावत बसलो नाही. माझं कारण खरं होतं, आणि दोन वर्षं आठवड्यातून तीनदा ज्याच्या भरवशावर ते डायलिसिसला गेले तो निघाला होता, हेही खरं होतं. यातलं एक सांगून दुसरं पुसलं जात नाही. ‘निष्ठा’ हा शब्द मी तोवर टीव्हीवरच्या वादातच ऐकला होता. त्या रात्री तो माझ्या पाठीमागं चार पट्ट्यांत बांधलेला बसला होता.

हे लिहितोय तोवर बरंच उलटसुलट झालंय. एप्रिल २०२५ मध्ये लिलर्डच्या टाचेचा अकिलीस स्नायुबंध फाटला. मिलवॉकीनं करार शिल्लक असताना त्याला मोकळं केलं, आणि जुलैत तो पोर्टलंडलाच परतला, तीन वर्षांसाठी, यावेळी मर्जीशिवाय न हलवण्याचं कलम लिहून घेऊन. त्याच उन्हाळ्यात ट्रेड होऊन जूरू हॉलिडेही पोर्टलंडला आला. बातमी वाचली तेव्हा मी बीव्हरटनला एका आजींना सोडून रिकामी गाडी घेऊन उभा होतो. पहिला विचार त्या काळ्या जर्सीचा आला.

त्या रात्री त्यांच्या घरासमोर गाडी लावली. मागं जाऊन वाकलो, पुढचे दोन पट्टे सोडले. मागचा डावा सोडायला हात घातला तेव्हा ते बोलले.

“हा.”

“काय सर?”

“हा पट्टा. फ्रेमला वळण आहे तिथं लावला की हूक घसरतो. तू खालच्या आडव्या दांडीला लावतोस. नव्या माणसाला माहीत नसणार.”

“मी लिहून ठेवतो.”

“आत्ता लिही.”

मी लिफ्टवर उभा राहूनच टॅबलेट काढला आणि त्यांच्या नावापुढं टीप टाकली: मागचा डावा पट्टा, खालच्या आडव्या दांडीला. त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं निरोपाला, पण त्यांना टॅबलेट हवा होता. चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीन डोळ्यांजवळ धरून त्यांनी ती ओळ वाचली, मान हलवली, आणि मग मी खुर्ची खाली उतरवली.