मुखवट्याचा फोटो नको

गणपतीतली रात्रपाळी म्हणजे आमच्या वेबसाइटच्या डेस्कवर दोन माणसं आणि थर्मासमधला चहा. उजाडल्यावर गौरी येणार, म्हणून वरिष्ठही घरूनच फोनवर. २०२४ च्या ९ सप्टेंबरची ही रात्र. मध्यरात्र उलटून गेल्यावर एजन्सीची बातमी आली: अमेरिकन अभिनेते जेम्स अर्ल जोन्स गेले, वय ९३.

वरिष्ठांचा फोन लगेच. "डार्थ व्हेडरचा आवाज हरपला, असं हेडिंग टाक. फोटो काळ्या मुखवट्याचा."

हेडिंगला माझी ना नव्हती. आपला वाचक त्यांना 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या या खलनायकाच्या आवाजावरूनच ओळखणार. फोटोवर मात्र अडलो. त्या काळ्या सूटमध्ये डेव्हिड प्राउज नावाचा इंग्लिश नट होता. जोन्सनी १९७७ मध्ये फक्त आवाज दिला, त्याचे सात हजार डॉलर घेतले आणि श्रेयनामावलीत नावही लावू दिलं नाही. आपण तिथे निव्वळ स्पेशल इफेक्ट, असं ते म्हणत. त्यांनीच आवाज दिलेला 'द लायन किंग'मधला मुफासा लावावा, तर तो चितारलेला सिंह! ज्याच्या जाण्याची बातमी, त्याचाच चेहरा त्यात नाही, हे काही पटेना.

मग रंगभूमीवरचे फोटो धुंडाळले. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेलं 'द ग्रेट व्हाइट होप' हे नाटक. जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय जगज्जेत्या मुष्टियोद्ध्यावर बेतलेली भूमिका, त्यासाठी डोक्याचा केलेला गोटा. रंगभूमीसाठीचा टोनी पुरस्कार मिळाला, पुढे त्याच भूमिकेच्या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकनही. दुसरं टोनी १९८७ मध्ये 'फेन्सेस' नाटकातल्या कचरा उचलणाऱ्या ट्रॉय मॅक्सनसाठी. २०२२ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका जुन्या थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं. एवढं सगळं तिसऱ्या परिच्छेदात ढकलायचं?

शेजारी व्हिडिओ कापणाऱ्या पोराने हेडफोन काढला. "सर, काय आवाज आहे! लहानपणापासून रियाज असणार."

रियाज कसला! मिसिसिपीतून आजी-आजोबांबरोबर मिशिगनला आलेला हा मुलगा तोतरा होता. सुमारे आठ वर्षं शाळेत जवळजवळ मुकाच राहिला. हायस्कूलमध्ये त्याने ग्रेपफ्रूटवर एक कविता लिहिली. डोनाल्ड क्राउच हे शिक्षक म्हणाले, ही इतकी चांगली आहे की तुझी वाटत नाही. तुझीच असेल तर वर्गापुढे तोंडपाठ म्हणून दाखव. मुलगा उभा राहिला आणि न अडखळता म्हणून गेला.

"म्हणजे चोरीचा आळ आला म्हणून बोलायला लागले?"

"जवळपास तसंच. पण तोतरेपणा पुरता कधीच गेला नाही, हे ते स्वतःच सांगत."

हा भाग मी बातमीत वर घेतला आणि मुष्टियोद्ध्याचा फोटो लावला. पाचव्या मिनिटाला फोन. "अरे, हा टकल्या कोण?"

"हेच ते जोन्स."

तिकडून जांभई ऐकू आली. शेवटी तडजोड झाली: बातमीत जोन्स, सोशल मीडियाच्या कार्डावर मुखवटा. लाइक कार्डालाच जास्त पडले. ते पडणारच होते.