पैठणी, पंजे आणि आमचा ढोल्या

घरात शिवणकाम आणि घरात कुत्रा हे दोन्ही एकत्र नांदत नाही, असं मला बऱ्याच जणींनी आधीच बजावलं होतं. आमचा ढोल्या अर्धा लॅब्रॅडॉर, अर्धा गावठी. लेकाने पुण्याहून आणला, आणि नोकरी बदलून तो बेंगळुरूला गेला तेव्हा कुत्रं अर्थातच माझ्या गळ्यात. वजन तीस किलोच्या घरात. माझं दुकान म्हणजे आमची पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, आणि दारातून बाई आत आली रे आली की ढोल्याचे पुढचे दोन्ही पाय तिच्या खांद्यावर.

कॉटनच्या साडीवर एक वेळ चालून जातं. पण लग्नसराईत बायका पैठणी हातावर टाकून आणतात, ब्लाउजच्या कापडाशी काठ जुळवायला. गेल्या वैशाखात एकीच्या पदरात ढोल्याचं नख अडकलं. पैठणीचा पदर हाताने विणलेला, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा. त्यामुळे ओढला गेलेला धागा मागच्या अंगाला घेऊन लपवायची सोयच नाही. रफूवाल्याने बारीक सुईने जमेल तेवढा बसवला, आणि बाई समजूतदार म्हणून दोन ब्लाउज फुकट शिवून देण्यावर भागलं. त्यानंतर मी हे प्रकरण मनावर घेतलं.

‘डोक्यावर चढवून ठेवलाय, म्हणून अंगावर चढतोय’ असं निदान गल्लीतल्या प्रत्येकाने केलं. मला ते पटत नाही. आमच्या बोळाच्या तोंडाशी मटणाचं दुकान आहे, तिथल्या कुत्रीची पिल्लं मी मशीनवर बसल्या बसल्या बघत असते. पिल्लं महिन्याभराची झाली की ती त्यांना सोडून दुकानापाशी जाते, पोटभर खाते आणि परत येते. आली की सगळी पिल्लं मागच्या पायांवर उभी राहून तिच्या तोंडाला लोंबकळतात, ओठांचे कोपरे चाटतात, नाकाने ढोसतात. थोड्या वेळाने ती मान खाली घालून खाल्लेलं ओकते आणि पिल्लं ते गरमगरम खातात. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, कुत्री आजारी आहे, महापालिकेला कळवू या. आजारी कसली, ती जेवण वाढत होती. लांडगेही पिल्लांना असंच भरवतात. कुत्रं मोठं झालं की त्या भरवण्याची गरज सरते, पण आपलं माणूस बाहेरून आलं की त्याच्या तोंडापाशी जायची ओढ राहते. आता आपलं तोंड पाच फुटांवर. तिथवर पोचायला उडीशिवाय दुसरा रस्ता काय?

म्हणजे पहिली उडी उपजत. पुढच्या शंभर उड्या मात्र माणसं शिकवतात. कशा, ते माझ्या खोलीत रोज दिसायचं. एखादी गिऱ्हाईक ‘ई, बाई गं!’ करून दोन्ही हात वर घेते. हात वर गेले म्हणजे काहीतरी पकडायचंय, असा ढोल्याचा समज. दुसरी त्याला छातीवर ढकलते. कुत्री एकमेकांशी खेळताना पंजांनी हेच करतात, त्यामुळे तो आणखी जोराने परत येतो. मी टेबलामागून ‘ढोल्या, नाही! ढोल्या, खाली!’ म्हणून ओरडायची. म्हणजे त्याच्या नावाने, त्याच्याकडे बघत, मोठ्याने, सगळं लक्ष त्याच्यावर. त्याला आणखी काय हवं होतं!

आणि मग आमचे शेजारचे नाना. नाना रोज पेपर वाचायला येतात. ढोल्याने उडी मारली की त्याचे पंजे धरून नाचतात, वर ‘असू द्या हो, लेकरू आहे’ म्हणून मलाच समजावतात. सगळ्यांनी दुर्लक्ष केलं आणि एकट्या नानांनी लाड केले, तरी सवय जात नाही, उलट जास्त चिवट होते. अमेरिकेतल्या स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरं यांच्यावर प्रयोग करून दाखवून दिलं होतं, की दरवेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय मोडायला अवघड. लेकाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला पहिले आठवले ते नाना.

गुडघा वर करून छातीत मारा, मागच्या पायाच्या बोटांवर पाय द्या, हेही सल्ले आले. कुत्र्याला दुखतं आणि पाहुणा म्हणजे दुखणं अशी गाठ त्याच्या मनात बसते. अशातून एखादं कुत्रं उडी सोडून गुरगुरायला लागलं तर आपण काय मिळवलं? माझ्या दुकानात तर ते मुळीच परवडणारं नाही.

मग केलं काय? खिडकीच्या गजाला पट्टा बांधला, दारापर्यंत पोचणार नाही इतकाच लांब. आमच्या ह्यांना बाहेर पाठवून बेल वाजवायला लावली, कारण निम्मा धिंगाणा बेलच्या आवाजानेच सुरू व्हायचा. हे आत येणार, ढोल्याचे चारही पाय जमिनीवर असतील तरच पुढे सरकणार. पुढचे पाय उचलले की तोंड फिरवून पुन्हा दाराबाहेर. बोलायचं नाही, बघायचं नाही. ‘या वयात मला माझ्याच घरात गिऱ्हाईक केलंस’ असं ह्यांनी ऐकवलं, पण केलं बिचाऱ्यांनी.

खाऊ द्यायचा तो खाली, जमिनीवर. हे मला फार उपयोगी पडलं. हात छातीपाशी धरून बिस्किट दाखवलं की कुत्रं वर बघतं आणि वर येतं. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे त्याच्या पायाशी टाकले की नाक खाली, आणि नाक खाली गेलं की उडी कुठून मारणार? तो हुंगत असतो तेवढ्यात बाई खुर्चीवर बसलेली असते. बसलेल्या माणसाचं तोंड खालीच असतं, त्यामुळे अर्धी ओढ तिथेच संपते.

सुरुवातीचे काही दिवस मात्र उड्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या, भुंकणंही सुरू झालं. आपण फोन उचलला नाही की समोरचा लागोपाठ मिस्ड कॉल देत सुटतो ना, तसं. नेमकं इथेच लोक कंटाळून लाड करतात किंवा फटका देतात, आणि कुत्रं शिकतं की जास्त जोर लावला की काम होतं. आम्ही तेवढे दिवस नेटाने काढले, उड्या उतरत गेल्या. आता बेल वाजली की तो कापायच्या टेबलाखालच्या गोणपाटावर जाऊन बसतो आणि तुकड्यासाठी माझ्याकडे बघतो. सकाळी फिरायला नेऊन दमवून आणलेला असेल तर फारच शहाणा.

नखं दर महिन्याला कापते, रेबीजची लसही वेळेवर. तरी गिऱ्हाइकाला ओरखडा उठलाच तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायला लावते आणि डॉक्टरकडे पाठवते. रस्त्यावरच्या कुत्र्याचा ओरखडा असेल तर यात अजिबात चालढकल करू नये. आणि ताठ अंगाने, नजर रोखून अंगावर येणारं कुत्रं निराळं. आमचा अख्खा कंबरेपासून हलत येतो. ताठ येणाऱ्याला असले घरगुती उपाय करायच्या भानगडीत न पडता जाणकाराला दाखवावं.

दारावर आता पाटी लावली आहे: ‘कुत्रा आहे. चावत नाही. त्याच्याशी बोलू नका, तो आपणहून येईल.’ बायका वाचतात आणि आत पाऊल टाकता टाकता विचारतात, ‘अगं बाई, कुठाय तो?’ नानांसाठी वेगळी पाटी लावायचा विचार होता, पण ह्यांच्या मते नाना पाट्या वाचत नाहीत. म्हणून नाना आले की मी चिकनच्या तुकड्यांचा डबा त्यांच्या हातात देते. दोन्ही हात डब्यात गुंतले की पंजे धरून नाचता येत नाही. तुकडे ते मुठीने टाकतात, त्यामुळे ढोल्याचं वजन वाढायला लागलंय. संध्याकाळचा भात कमी केला आहे.