गंधकाची खाण आणि टिल्लू मोटार

शनिवारी रात्री माझी गंधकाची खाण गेली. लढाई नाही, काही नाही. मी डोंगरापलीकडे एका किल्ल्याच्या मागे लागलो होतो. तेवढ्यात शत्रूचा एक फुटकळ सरदार मूठभर शिपाई घेऊन आला, खाणीला नुसता शिवला, आणि माझा लाल झेंडा निळा झाला.

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या कॉम्प्युटर गेमचा तिसरा भाग १९९९ सालचा. मी तो अजून खेळतो. घरात कुणी विचारलं तर ‘मेल बघतोय’ म्हणतो. सोनं, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं असा सात जिनसांचा हा संसार. सोन्याची खाण दिवसाला १००० मोहरा देते, लाकडाची वखार २ गाड्या, आणि गंधकाची खाण फक्त १. एकच! त्यामुळे ती गेली तरी पहिल्या दिवशी काही वाटत नाही. ड्रॅगनची गुहा बांधायला गेलं की कळतं. तिला २० गंधक लागतं, आणि तिजोरीत असतं १७.

बाजारातून घेता येतं, नाही असं नाही. पण आपल्या ताब्यात एकच बाजार असेल तर भाव असा लावतात, की मे महिन्यातला टँकरवाला बरा. बाजार वाढले की भाव उतरतो. म्हणजे ज्याच्याकडे आधीच चार शहरं, त्यालाच स्वस्त. हे मात्र गेमवाल्यांनी अगदी खरं दाखवलंय.

सोलापूरच्या माणसाला हा खेळ शिकवावा लागत नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. चावीवाल्याने चावी फिरवली की गल्लीभर एकच आवाज, ‘पाणी सुटलंऽऽ’. मग हौद, बॅरल, घागरी, कळशी, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा. आपली धार बारीक झाली की समजायचं, शेजारी नळाला टिल्लू मोटार, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लागली. आपल्या खाणीवर झेंडा बदलला! भांडायला जावं, तर तेवढ्यात आपलीही मोटार चालू असते.

एक फरक आहे. गेमच्या तिजोरीत आकडा शून्याच्या खाली जात नाही. आमच्या उजनीचा जातो. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. वरचा साठा संपला की धरण ‘उणे’ होतं, आणि मग ‘मायनस किती?’ हे आम्ही चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतो.

या सवयीनेच मी गेममध्ये मार खातो. जमवतो, खर्चत नाही. परवा भाचा मागे येऊन उभा राहिला.

“मामा, ४३ रत्नं? कशाला ठेवलीत?”

“लागतील कधीतरी.”

“तुमचं शेवटचं शहर गेलंय की ओ!”

गेलं होतं खरं. शहर गेलं की सात दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरं घेतलं नाही, तर खेळ संपतो. रानात एक सरदार, खिशात ४३ रत्नं, आणि ती खर्चायला बाजारसुद्धा नाही. सातव्या दिवशी मी गुपचूप जुना सेव्ह उघडला. गंधकाची खाण होती तिथला.

यावेळी खाणीवर पहाऱ्याला थोडी फौज ठेवली. ठेवावी लागते, पण जीव होत नाही. तीच फौज पुढे लढाईत कामाला येईल असं वाटत राहतं. तेवढ्यात बाहेरून पाण्याचा धबधब आवाज आला. नळ आला होता. आई मागच्या पाण्याच्या वेळी भरलेल्या दोन घागरी अंगणात ओतत होती.

“अगं आई, चांगलं पाणी आहे ते!”

“शिळं झालंय. ताजं आलंय की,” ती म्हणाली आणि तिसरी घागर उचलली. “तू काय बघत बसलास? मोटार लाव.”