एक सूत इकडे, एक सूत तिकडे

आमचा मामेभाऊ न्यू जर्सीत एका बोलिंग अ‍ॅलीतल्या (जिथे जड बॉलच्या भोकांत बोटं घालून तो घरंगळवत सोडतात आणि समोरच्या पिना पाडतात) दुकानात कामाला होता, तिकडचं सगळं आवरून बडोद्याला आला तेव्हा सामानात एक जडशीळ पत्र्याची पेटी होती आणि ती आली आमच्या दांडिया बाजारच्या घरी, कारण त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही (आमच्याकडे आहे असं याला कोणी सांगितलं देव जाणे). काय आहे रे यात विचारलं तर म्हणे बॉलला भोकं पाडायची जुनी हत्यारं, शोधून काढ कुठलं कशाचं ते, तुला आवडतं ना असलं.

आवडतं, खोटं कशाला बोलू.

पहिली उलगडली ती स्टीलची पट्टी. पातळ, वाकणारी, एका टोकाला खाली वळवलेली कड. वाकते म्हणजे गोल वस्तूवर ठेवायची, हे उघडच. कड अंगठ्याच्या भोकात अडकवायची आणि तिथून बोटाच्या भोकापर्यंतचं अंतर वाचायचं, त्याला स्पॅन म्हणतात, खुणा थेट इंचाच्या बत्तिसाव्या भागापर्यंत. बॉल सगळ्यांचा सारखाच, साधारण साडेआठ इंच व्यासाचा, वजन फार तर 16 पौंड, पण भोकं ज्याच्या त्याच्या हाताची. म्हणजे पेटीतली अर्धी हत्यारं बॉल मोजतच नाहीत, माणूस मोजतात! एक प्लेट तर नुसती भोकांची, प्रत्येक पुढचं भोक किंचित मोठं, त्यात अंगठा घालून बघायचा. बांगडीवाल्याकडे बसल्यासारखं वाटतं.

गाडी अडली ती पिच गेजवर, म्हणजे भोक किती तिरकं आहे ते मोजायच्या हत्यारावर. दांडा भोकात जाणार हे कळलं, पण वर शून्य मधोमध आणि दोन्हीकडे 1/8, 1/4, 3/8. शेजारच्या काकांनी मकरपुरा जीआयडीसीत जन्म लेथवर काढलाय, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे हे तर सूत! एक सूत, दोन सूत, तीन सूत."

बरोबर आहे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण तिरकेपणा सुतात कसा मोजणार, डिग्री नको का? त्यावर चहा झाला, कागदावर गोल काढून झाले. भोक सरळ बॉलच्या मध्यबिंदूकडे जात असेल तर पिच शून्य, आणि भोकाची रेघ मध्यबिंदूला जेवढी चुकवून जाते तेवढे इंच म्हणजे पिच. एक सूत म्हणजे डिग्रीत जेमतेम पावणेदोन. काका खूष, म्हणाले डिग्री हवीच कशाला, जिगमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरलेला बॉल ड्रिलखाली सूतभर सरकव की झालं. आणि या सूतभराने फरक केवढा, अंगठ्याचं भोक तळव्याकडे कललेलं असेल तर बॉल हातात टिकतो, उलट कललं तर चटकन सुटतो.

ड्रिल बिट्स ढीगभर, बरीचशी कोरी असल्यासारखी, पण 31/32 इंचाचं पार झिजलेलं. असं का, तर बोटांच्या भोकात रबराच्या नळ्या चिकटवतात, आतून त्या कुठल्याही मापाच्या असोत, बाहेरचा व्यास बहुतेकांचा हाच. म्हणजे रोज गिऱ्हाइकागणिक हेच ड्रिल. मला तर पेटीतली सगळ्यात बोलकी वस्तू हीच वाटली, बाकी चकचकीत पितळेचं कौतुक ठीक आहे.

तराजूही आहे, बॉलची एक बाजू दुसरीपेक्षा किती जड ते बघायला. पूर्वी अमेरिकेत बाजूंमधला फरक 1 औंसाच्या आत लागायचा, 2020 पासून 3 औंस चालतो, तेव्हा या तराजूचा नखरा जरा उतरला असणार.

आता सगळं कळलं, फक्त बॉल नाही. एकही! काका म्हणतात त्यात काय, सुरुवातीचे बॉल लाकडाचेच होते ना, लिग्नम व्हिटी नावाच्या भयंकर जड लाकडाचे, रबराचे 1905 पासून आले. आपल्याकडे ते लाकूड कुठलं मिळायला, म्हणून सध्या शिसवी की बाभूळ यावर रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर वाद चाललाय, मी बाभळीच्या बाजूने आहे कारण स्वस्त पडेल, आणि मामेभाऊ फोनवर नुसता हसतोय.